पावलं वेचणारी

लोक आपणहून पुस्तकं परत आणून द्यायला लागले, तेव्हाच सेनाइदा तान्ताला कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय.

डोंगरातल्या यानारुमी गावात तशी रीतच नव्हती. एकदा पुस्तक घरात गेलं की ते त्या घरचं होऊन जाई. चुलीवरच्या फळीवर, मिठाच्या मडक्याला टेकून ते धुरानं पिवळं होत बसे. सेनाइदाच पडशी खांद्यावर टाकून दारोदार जायची, दोन शब्द सुनावायची, जुनं पुस्तक ओढून काढायची आणि नवं द्यायची. आणि हे आजकालचं नव्हे, नवरा खाणीत गेला तेव्हापासून. पुस्तकांच्या पेट्या गावात आल्या तेव्हा त्या ठेवायच्या कुठं यावर गावसभेत बराच वाद झाला होता. शेवटी तिच्याकडे ठेवल्या, कारण तेवढं एकच छप्पर गळत नव्हतं. वाचनालय म्हणजे तिची बाहेरची खोली. एका बाजूला फळ्यांवर पुस्तकं, दुसऱ्या बाजूला बटाट्याची पोती, आणि मधून गिनीपिगांची ये-जा.

तिला स्वतःला ओळीवर बोट ठेवून, सावकाशच वाचता येई. घराघरात चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचून दाखवायचं काम तिच्या पोरीचं, एल्मिराचं. मूठभर होती तेव्हापासून ती आईच्या मागे डोंगरभर हिंडली होती. चालतानाही पुस्तक उघडंच, त्यामुळे कितीदा तरी घायपाताच्या काट्यांत जाऊन पडलेली. आता ती खाली समुद्राकाठच्या त्रुहियो शहरात जोडे शिवायच्या कारखान्यात होती. शाळा सुरू व्हायच्या आधीचा हंगाम, त्यामुळे रात्रपाळी. दिवसा झोपायची.

यंदा कार्निव्हलच्या सणानंतर सेनाइदाचा पाय चिखलात मुरगळला. ती घरीच पडून होती. आणि नेमकी तेव्हाच पुस्तकं परत यायला लागली. वरच्या वाडीतले लोक यायचे, हॅट काढायचे, पुस्तक ठेवायचे, तिच्या पायांकडे एकदा बघायचे आणि काही न बोलता निघून जायचे.

शेवटी खालच्या वाडीतली कासिल्दा आली. काखेत जिवंत कोंबडी, डोळ्यांत पाणी.

"मला माफ कर, सेनाइदा. तुझ्या गिनीपिगांना खरूज आहे असं मीच उठवलं होतं."

"ते मला माहीत आहे गं. पण त्याला वर्षं झाली. आज काय झालं?"

"जाताना मनात काही ठेवून जाऊ नकोस, एवढंच."

"मी कुठं चाललेय?"

कासिल्दानं कोंबडी तिच्या मांडीवर ठेवली आणि तोंडाला पदर लावल्यासारखी शाल लावली. "तू वरच्या वाडीत दिसतेस. धुक्यात. दिवसाढवळ्या. डोक्यावर हॅट, खांद्यावर पडशी. हाक मारली तर ओ देत नाहीस. कुत्री भुंकत नाहीत. बायो, तू पावलं वेचायला लागलीस."

हे त्या डोंगरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मरण जवळ आलं की माणूस आपली पावलं वेचत फिरतो. जन्मभर जिथं जिथं पाय पडला, तिथून तो पाऊल उचलून घ्यायचा. शरीर घरात अंथरुणावर असतं, वेचणारं रूप वाटेवर. लांबची वाट आधी, घर सगळ्यात शेवटी. घरातलं शेवटचं पाऊल उचललं की झालं.

सेनाइदा कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला आधी भीती वाटली नाही. दमल्यासारखं वाटलं. केवढी पावलं ती! गावात तिच्याइतकं कुणी चाललं नव्हतं.

"वेचू दे," ती म्हणाली. "मला फुरसत नाही मरायला. गावकऱ्यांना मात्र सांग, उरलेली पुस्तकंही लवकर आणा. मेल्यावर मी मागायला येणारच आहे."

कासिल्दा रडता रडता हसली.

त्याच आठवड्यात नोएमी आली. राजधानीतल्या विद्यापीठातून ती येऊन-जाऊन यानारुमीत असे. ज्या घरांत चुलीपाशी आरोग्याची पुस्तकं वाचली जातात, तिथली पोरं कमी आजारी पडतात का, दुखणं आलं की माणसं लवकर दवाखान्यात जातात का, असं त्यांचं संशोधन. नोएमी दारोदार जाऊन तेच ते प्रश्न विचारी. लोकही तिला उकडलेले बटाटे देऊन तीच ती उत्तरं देत. डोंगरात टोपी आणि पाठीवर पिशवी असलेला प्रत्येक माणूस इंजिनियर, त्यामुळे तीही इंजिनियरीणबाई. ती उतरायची सेनाइदाकडेच.

दिवसभर वरची वाडी फिरून ती चिखलानं माखून परतली आणि चुलीपाशी बसली. सेनाइदानं तिला हिरव्या पाल्याचं सार वाढलं, त्यात अंडं आणि चीज.

"मावशी, लोक तुमच्यासाठी खोटं बोलतायत. मी विचारते, पुस्तकवाली बाई शेवटची कधी आली? म्हणतात, परवा आली, काल आली. तुमचा तर पाय हा असा."

"मग लिही की आली म्हणून."

"चेष्टा नको. दुसरंही एक आहे." नोएमीनं वाडगा खाली ठेवला. "मागच्या वेळी विचारलं होतं, घरात वाचून कोण दाखवायचं? सगळ्यांनी एल्मिराचं नाव घेतलं होतं, किती कौतुकानं. यंदा म्हणतात, कुणीच नाही. मी नाव घेतलं तर माझ्याकडेच बघत राहतात."

"चिडवत असतील तुला."

"सगळेच?"

चुलीतलं लाकूड फुटलं. सेनाइदाला पहिल्यांदा मानेवर गार काहीतरी सरकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीच्या टोकाचा म्हातारा फोर्तुनातो, सगळ्यांचा ताइता म्हणजे आजोबा, काठी टेकत खाली उतरला. त्यानं पोंचोच्या आतून एक पुस्तक काढून ठेवलं आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बरी दिसतेस की," तो जरा नाराजीनंच म्हणाला.

"मग काय, मेलेली दिसू, ताइता?"

"नाही, मी धावत आलो. म्हटलं, उशीर नको. काल तुला अगदी जवळून पाहिलं ना. माझ्या झऱ्यावर बसली होतीस, सपाता काढून पाय पाण्यात सोडून. मग उठलीस आणि पुस्तक उघडून वाचत वाचतच निघालीस. एवढ्या धुक्यात काय दिसत होतं तुला?"

सेनाइदाचा हात कोंबडीच्या दाण्यातच थांबला. त्या झऱ्यात ती जन्मात पाय घालणार नव्हती. झरा माणसाचा जीव धरून ठेवतो हे तिला आजीनं सांगितलं होतं. त्या झऱ्यात पाय घालणारी एकच पोर होती, आणि त्यासाठी सेनाइदानं तिच्या पाठीत धपाटेही घातले होते. वाचत चालणारी पण तीच.

"ताइता, तिथं पाय कोण धुवायचं? आठवा. माझी एल्मिरा."

"कोण एल्मिरा?"

"माझी पोरगी, एल्मिरा! तुमच्या मांडीवर बसून वाचायची. तुम्ही तिला भाजका मका द्यायचात."

म्हाताऱ्यानं भुवया जवळ आणल्या. त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती. अंधाऱ्या खोलीत चाचपडावं तसा तो आठवत राहिला.

"सेनाइदा," तो हळूच म्हणाला, "तुला पोरगी आहे?"

ती उठली. पाय दुखतोय हे तिला आठवलंच नाही. म्हाताऱ्याला तिथंच सोडून ती नोएमीला शोधायला बाहेर पडली.

फोन लागायची जागा एकच, माथ्यावरच्या क्रुसाजवळ. आपला फोन घेऊन, नोएमीच्या खांद्यावर हात ठेवून ती चढली. खूप वेळ घंटा वाजली, मग झोपेतला आवाज आला.

"आई? काय झालं? मी झोपले होते."

"तब्येत कशी आहे?"

"बरी आहे. जरा बारीक झालेय." मग खोकला. आला आणि थांबेना. फोन बाजूला धरल्याचं कळलं, पण खोकला लपला नाही.

"हा कधीपासून?"

"गोंद लावतो ना आम्ही जोड्यांना, त्याच्या वासानं होतं. सगळ्यांनाच होतं."

"छातीचं चित्र असलेलं पुस्तक आख्ख्या गावाला तूच वाचून दाखवलंस. त्यात काय लिहिलंय?"

"आई, परीक्षा घेतेस का माझी?"

"सांग."

"पंधरा दिवसांपेक्षा जास्त खोकला असेल तर..." ती थांबली. "हंगाम संपला की जाईन तपासायला. आता सुट्टी मागितली तर काढून टाकतील." मग आवाज बदलला, लहान झाल्यासारखा. "आई, मला रोज एकच स्वप्न पडतं. मी तुझी हॅट घालून पुस्तकं घेऊन फिरतेय. घरामागून घर. कुणी ओळखत नाही. उठते तेव्हा पाय खरोखरच दुखत असतात."

सेनाइदानं डोळे मिटले. "कुठवर आलीस?"

"वरची वाडी झाली. काल ताइताच्या झऱ्यावर पाय धुतले. आता साकव ओलांडून खालच्या वाडीत. मग घरी." ती हसली. "घर आलं की बरं वाटेल. फार दमलेय गं."

नोएमीनं स्वप्नाचं ऐकलं की नाही कोण जाणे, पण खोकला तिनं ऐकला होता. तिनं सेनाइदाच्या हातातून फोन घेतला, एल्मिराचा पत्ता विचारला आणि आज कारखान्यात जायचं नाही असं दरडावून सांगितलं. "मी खाली उतरतेय. मीच तिला दवाखान्यात नेते. तुम्ही चला माझ्याबरोबर, मावशी."

"नाही. मला इथं काम आहे."

"पोरगी तिकडे आजारी आहे, आणि इथं कसलं काम?"

"तू तिचं शरीर सांभाळ. दुसरी आहे ती माझ्याकडे येतेय."

 नोएमीनं आयुष्यभर प्रश्न विचारायचं काम केलं होतं, पण तो दिवस प्रश्नांचा नाही हे तिला समजलं. ती पिशवी उचलून उतरणीला लागली.

ओढ्यावर दोन ओंडक्यांचा साकव होता. अलीकडे वरची वाडी आणि सेनाइदाचं घर, पलीकडे खालची वाडी. अलीकडच्या काठावर दगडावर मेंढीचं कातडं टाकून सेनाइदा बसली. पडशीत पुस्तकं भरून आणली होती. मनात एकच हिशेब होता. वरच्या वाडीतली पावलं उचलली, तर वरच्या वाडीतून पोरगी पुसली गेली. खालची वाडी उचलली की कासिल्दा म्हणेल, कोण एल्मिरा? आणि मग घर. एक दिवस सकाळी उठून ती स्वतः चूल पेटवेल, एकटीसाठी बटाटे उकडेल, आणि काही चुकल्यासारखंही तिला वाटणार नाही. पोरीच्या मरणापेक्षाही तिला त्या सकाळची भीती वाटली.

कासिल्दा पलीकडच्या काठावर उभी राहिली. "वेडी आहेस का? वेचणाऱ्याला कुणी अडवत नाही. बोललीस तर तुलाही घेऊन जाईल."

"मी अडवणार नाही. आलेल्या माणसाला बस म्हणणार आहे."

दुपारी धुकं ओढ्यातून वर चढलं. समोरची झाडं गेली, मग वाट गेली. पाण्याचा आवाजही जाड कापडाआड गेल्यासारखा झाला. आणि वाटेनं सेनाइदाच चालत आली. तीच हॅट, तीच शाल, तोच खांदा पडशीनं वाकलेला. आपणच आपल्याकडे येताना बघणं किती भयंकर असतं!  पण हॅटखालचा चेहरा दिसत नव्हता, आणि हातात पुस्तक उघडं होतं.

रूप साकवापाशी आलं.

"पोरी," सेनाइदा म्हणाली.  "मला वाचायला जमत नाही गं हे. एवढं वाचून दाखव आणि जा."

तिनं हाताला लागलं ते पुस्तक पुढं केलं. ते निघालं मेंढ्यांच्या रोगांवरचं.

रूप थांबलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग वारा नसताना पान उलटलं, आणि सेनाइदाच्या कानाशी एक लहान पोरीचा आवाज आला, प्रत्येक जोडाक्षराला अडखळणारा, मेंढीच्या खुराला होणाऱ्या रोगाबद्दल सांगणारा. पलीकडे कासिल्दाला काहीच ऐकू आलं नाही. तिला एवढंच दिसलं की सेनाइदा मान हलवत हूं, हूं म्हणतेय. धुकं विरळ झालं तेव्हा वाट रिकामी होती.

असंच रोज चाललं. सेनाइदा दुपारी साकवापाशी बसे. खतांचं पुस्तक झालं, बाळंतपणाचं झालं, कोल्ह्याच्या गोष्टी झाल्या. कासिल्दा आता कुरकुर न करता तिला उकडलेला मका आणून देई. माथ्यावर चढून फोन लावायचं कामही तिनंच घेतलं. एकदा ती उतरली ती सरळ सेनाइदाशेजारी येऊन बसली.

"बोल."

"इंजिनियरीणबाई म्हणाली, क्षयच आहे. दवाखान्यात ठेवलंय, औषधं सुरू झाली. पण उशीर झालाय म्हणे. छातीत पाणी आहे. औषध लागू पडेल की नाही, सांगता येत नाही." मग तिनं नाक पुसलं. "आणि पोरगी झोपेत सारखी बडबडते. मेंढ्यांबद्दल."

त्या दुपारी धुकं आलं ते पांढरं नव्हतं, राखेसारखं होतं. रूप भराभर आलं. वाचतानाही घाई. आवाज आता अडखळत नव्हता, मोठ्या बाईचा झाला होता, सपाट आणि दमलेला. पुस्तक संपलं. सेनाइदानं पडशीत हात घातला, पडशी रिकामी होती. जे होतं ते सगळं वाचून झालं होतं. रूपानं पुस्तक मिटलं आणि साकवाच्या ओंडक्यावर एक पाय ठेवला. पलीकडून कासिल्दाची किंकाळी आली.

सेनाइदानं त्याची शाल धरली नाही. धरण्यासारखं तिथं काही नसतं, हे तिला ठाऊक होतं. ती दगडावरून हलली नाही. चुलीपाशी बसून अक्षर न ओळखणारी माणसं ज्या हट्टानं म्हणत, त्याच हट्टानं म्हणाली:

"मला काही कळलं नाही. पुन्हा वाच."

लहानपणी याचा एल्मिराला फार राग यायचा. फुरंगटून नाक उडवायची. पण म्हातारी माणसं पुन्हा वाच म्हणाली की ती कधी नाही म्हणाली नव्हती.

ओंडक्यावरचा पाय तसाच राहिला. मग, सेनाइदाला अगदी स्पष्ट ऐकू आलं, कुणीतरी नाकातून वैतागल्याचा श्वास सोडला. पाय मागं आला. पहिलं पान उघडलं.

पुढच्या दिवशी कुणीच आलं नाही.

धुकं आलं, दाटलं, विरलं. सेनाइदा मांडीवर पुस्तक उघडं ठेवून बसून राहिली. न येण्याचे अर्थ दोनच होते, आणि त्यातला कुठला हे ओढा सांगणार नव्हता. "मी जाते फोनला," कासिल्दा म्हणाली. सेनाइदानं नाही म्हणून मान हलवली. सुजलेला पाय ओढत ती स्वतः माथ्यावर चढली, मध्येच हातांवर रांगत. क्रुसाला पाठ टेकून तिनं नोएमीचा नंबर लावला.

"हॅलो," पलीकडून बारीक आवाज आला. तो नोएमीचा नव्हता. "आई? मला भूक लागलीय. इथलं सार म्हणजे नुसतं पाणी आहे."

सेनाइदानं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"आई, आहेस ना? आज मी झोपले. नुसतीच झोपले. कुठं गेलेच नाही."

औषधाच्या गोळ्या पुरे व्हायला पुढचा सगळा उन्हाळा गेला. एल्मिरा गावी आली तेव्हा बटाट्याची काढणी चालू होती. हाडं वर आलेली, पण गालांना रंग होता. साकवापलीकडे कासिल्दानं तिला मिठी मारून इतकं रडून घेतलं की एल्मिरालाच तिची समजूत घालावी लागली. खालच्या वाडीत घरोघर तिच्यासाठी काही ना काही शिजत होतं.

"आता वरच्या वाडीत जाऊन येते," ती म्हणाली.

सेनाइदानं तिला आधीच सगळं सांगितलं होतं. तरी सांगणं वेगळं आणि पाहणं वेगळं.

पहिल्याच घरी कुत्रं भुंकत अंगावर आलं. घरची बाई हात पुसत बाहेर आली आणि अदबीनं म्हणाली, "कुणाकडे आलात, बाई?" जिच्या चुलीपाशी एल्मिरा जोडाक्षरं शिकली होती, ती ही बाई. एल्मिरा आईकडे पाहून कशीबशी हसली. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. माणसं चांगली होती. बसायला मेंढीचं कातडं टाकत होती, पाहुणीला मोठा बटाटा देत होती.

फोर्तुनातो दारात मका सोलत बसला होता.

"ही कोण, सेनाइदा?"

"पुस्तकं घेऊन आलेय मी, ताइता," एल्मिराच म्हणाली. "मी इथंच वाढले."

"वाढली असशील. कुठंतरी वाढलीच असशील, एवढी मोठी झालीस ती." तो सरकून बसला. "उभी का? आत ये. वाचता येतं का तुला?"

ती आत गेली. त्यानं आतून कसलंसं फाटकं पुस्तक शोधून दिलं, आणि ती चुलीपाशी मांडी घालून वाचू लागली. सेनाइदा बाहेरच भिंतीला टेकून ऐकत राहिली. म्हातारा मध्येच म्हणाला, "हे कळलं नाही, पुन्हा वाच," आणि तिनं पुन्हा वाचलं.

"छान वाचतेस गं," तो म्हणाला. "नाव काय म्हणालीस?"

"एल्मिरा."

"एल्मिरा," त्यानं दाणा चावून बघावा तसं ते नाव तोंडात घोळवलं. "उद्याही ये."

अंगणातल्या ओल्या मातीत वाटेपासून दारापर्यंत एल्मिराच्या जोड्यांचे ठसे उमटले होते, नवे, खोल. सेनाइदा त्यांवर पाय पडू न देता, कडेकडेनं चालत घरी निघाली.